हॅझर्ड आणि रिस्क, दोन्हींना 'धोका'च म्हणायचं का?

घाटपायथा
मंडळी, एका शब्दावर चार दिवस अडकलेय, मदत करा. सह्याद्रीतल्या डोंगराखालच्या वाड्यांसाठी दरडींची माहिती देणारं चार पानी पत्रक इंग्रजीतून मराठीत करायचं काम हातात आहे. सगळं पत्रक एकाच मुद्द्यावर उभं आहे की हॅझर्ड वेगळा, रिस्क वेगळी आणि डिझास्टर त्याहून वेगळं. पावसात भिजून उतार सुटू शकतो, हा झाला हॅझर्ड. त्याच्या वाटेत घरं आहेत का, कशी आहेत, रात्री तिथे किती माणसं झोपतात, यावरून ठरते ती रिस्क. आणि दरड खरोखर घरांवर आली की डिझास्टर.

पहिल्या खर्ड्यात मी पहिल्या दोन्हींना धोका लिहिलं आणि तिसऱ्याला आपत्ती. मग एक वाक्य असं झालं: "धोका तोच राहिला तरी धोका कमी करता येतो." वाडीत वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "धोका हाय म्हन्ता, मग आमी खाली उतरायचं का न्हाय ते सांगा की." त्यांचं बरोबरच आहे, त्या वाक्यातून काहीच कळत नाही. सरकारी कागदात रिस्कला जोखीम असतं, पण सोबतचा कार्यकर्ता म्हणतो जोखीम म्हटलं की लोकांना म्युच्युअल फंडाची जाहिरात आठवते. तुमच्याकडे काय म्हणतात?

जुनावाडा
जोखीमच लिहा, बिनधास्त. आमच्या घरात हा शब्द जाहिरातींच्या कितीतरी आधीपासून आहे. आजी दागिन्यांना आणि रोकडीलाच जोखीम म्हणायची. "अंगावर जोखीम आहे, रात्रीच्या गाडीनं नको जायला." पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं, पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तेव्हा ती आजोबांना म्हणाली, "आधी जोखीम घ्या." म्हणजे दागिन्यांचा डबा. आता बघा, ज्या वस्तूला मोल आहे आणि जी जाऊ शकते ती जोखीम. डबा रिकामा असता तर जोखीम नव्हती, पूर तेवढाच असता तरी. तुमचा रिस्कचा अर्थ यात पूर्ण बसतो.
माझा अंदाज, हा शब्द जोखणे वरून आला असावा. तराजूत जोखून बघायची गोष्ट.

मुळाक्षर
जुनावाडा, आजींची आठवण फार मोलाची आहे, पण व्युत्पत्ती अशी नुसत्या कानाला सारखं वाटलं म्हणून लावू नये. हिंदीत जोखिम आहे, गुजरातीत जोखम आहे, तिथले जुने दाखले बघितल्याशिवाय काही म्हणणं धाडसाचं होईल.
मूळ प्रश्नाबद्दल: हॅझर्डला आपल्याकडे सरळ शब्द आहे, भय. पंचांगाच्या वर्षफलात अग्निभय, चोरभय असं यायचं. आग लागलेली नाही, पण लागू शकते, ती बाहेरून येणार आहे. तसं दरडभय, पूरभय म्हणा. संस्कृतात याहून नेमका शब्द आहे, ईती. अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि शेजारचे राजे अशा सहा ईती मोजल्या आहेत.

पंचगंगाकाठ
मुळाक्षर सर, ईती वाचून ज्ञानात भर पडली पण वाडीतल्या माणसाला ईती सांगून तो जागचा हलणार नाही. आम्ही कोल्हापूरवाले धोका फुटात मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी, जुलै उजाडला की शाळेतलं पोरगं पण सांगतं आज किती फूट झालं. धोका हा शब्द आमच्याकडे इतका मुरलाय की तो बदलायचा म्हटलं तर लोकांचं नुकसान होईल, कारण धोका पातळी ऐकलं की लोक जनावरं सोडतात, टीव्ही माळ्यावर टाकतात, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी ४३ लाच घर सोडलं ते निदान भांडीकुंडी घेऊन बाहेर पडले. शब्द कुठून आला यापेक्षा तो ऐकून माणूस काय करतो ते बघा ना.

लालमाती
जोखीम या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.
जोखीम माणूस घेतो, उचलतो, पत्करतो. धोका येतो. ही क्रियापदंच बघा. माझं आजोळ महाड तालुक्यातलं. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर आला तेव्हा गेलेल्यांत आमच्या ओळखीची माणसं होती. त्यांनी कुठली जोखीम घेतली होती? पणजोबांनी जिथे घर बांधलं तिथे ती राहत होती. रिस्कला जोखीम म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात येतं की तुम्हीच तिथे राहिलात, तुमचीच जबाबदारी. मला हे सहन होत नाही.

जुनावाडा
लालमाती, तुमचं दुःख समजतं, पण धोकाही पत्करतातच की. "धोका पत्करून त्याने पोराला वाचवलं" हे सर्रास लिहितात. आणि जोखमीचं काम म्हणतो तेव्हा ते प्रत्येक वेळी आपण हौसेनं घेतलेलं नसतं.

लालमाती
पत्करणं दोन्हीला चालत असेल. पण "गावाला जोखीम आहे" असं कोण बोलतं? "गावाला धोका आहे" असंच म्हणतात. बोलून बघा, कान सांगतील.

सडासारवण
जाता जाता एक. 'दरडप्रवण' मधला प्रवण म्हणजे काय ते कुणी बघितलंय का? संस्कृतात प्रवण म्हणजे उतरता, उताराचा. तिकडे कललेला म्हणून मग 'त्याची शक्यता असलेला'. म्हणजे भूकंपप्रवण, पूरप्रवण हे सगळे लाक्षणिक आणि दरडप्रवण एकटाच असा की तिथे खरोखरचा उतार आहे. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मुळाक्षर
सुंदर निरीक्षण. असंच आपत्तीचं. आ आणि पद्, येऊन पडलेलं. हिंदीत तोच आपत्ति शब्द हरकत या अर्थानं चालतो आणि संकटाला ते आपदा म्हणतात. आपण आपत्ती व्यवस्थापन म्हणतो त्यात पडल्यावर निस्तरणं एवढंच ऐकू येतं, ही माझी जुनी तक्रार आहे.

पंचगंगाकाठ
पण २००५ च्या कायद्यात व्यवस्थापनात आधीची तयारी, प्रतिबंध सगळं धरलंय सर. शब्दाचं मूळ काहीही असो, कायद्यानं अर्थ वाढवला तर वाढला.

मुळाक्षर
कायद्यानं वाढवला, लोकांच्या डोक्यात वाढला का?

तेरणाकाठ
मी सहसा लिहीत नाही पण आज राहवत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपलेली. आमचा भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे वर तुम्ही ज्याला हॅझर्ड म्हणता तो कागदावर जवळजवळ नव्हताच. मग इतकी माणसं का गेली? माळवदामुळं. दगडमातीच्या दोन दोन हात रुंद भिंती, सिमेंट नाही, वर लाकडावर हातभर मातीचं छत, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी माती टाकायची, वर्षानुवर्षं वजन वाढत गेलेलं. गावातली सगळ्यात भक्कम, सगळ्यात मानाची घरं तीच होती. पत्र्याच्या आणि कुडाच्या घरात राहणारे, ज्यांना आम्ही गरीब म्हणायचो, त्यातले खूप जण वाचले. आमचा वाडा पडला, त्यात माझा धाकटा भाऊ गेला.

आता मला सांगा, माळवदाच्या घरात जे होतं त्याला काय म्हणायचं? ते भय नाही, भय तर जमिनीत होतं. ते जोखीमही नाही, कुणाला माहीतच नव्हतं. इंग्रजीत व्हल्नरेबिलिटी म्हणतात, मराठी पत्रकांत मी असुरक्षितता वाचलंय, भेद्यता वाचलंय. भेद्यता म्हटलं की मला किल्ल्याचा तट आठवतो. तो वाडा तर दिसायला किल्ल्यासारखाच होता. आणि या सगळ्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात तेव्हा माझ्या पोटात कालवतं. जमीन हलली ते नैसर्गिक. छत कुणी घातलं?

सडासारवण
ताई, काय लिहू कळत नाही. नमस्कार तुम्हाला.

लालमाती
ताई, म्हणूनच आपल्याकडे अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द होते. आता सगळं अस्मानीत ढकलतात. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती हे सरकारनंच सांगितलं. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ लोक घेतात, आणि त्यांनी दुसरा कुठला घ्यायचा?

पंचगंगाकाठ
शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला जातो याचं आमच्याकडचं उदाहरण म्हणजे लाल रेषा निळी रेषा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. आता "१०० वर्षांतून एकदा" वाचून माणूस काय समजणार, की २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी येईल. २०२१ ला परत आला. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि गेल्या वर्षी आला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. हे मराठीत सरळ का लिहीत नाहीत? माझ्या चुलत्यांनी याच भरवशावर खालचा मजला परत भाड्यानं दिला होता.

जुनावाडा
मग ढगफुटीचंही तेच. तासाभरात १०० मिलिमीटर वगैरे पडला तर हवामानखातं ढगफुटी म्हणतं, आपण चार तास जोराचा झाला की ढगफुटी. सगळं ढगावर ढकललं की नाला कुणी बुजवला हे विचारायचं राहून जातं.

मुळाक्षर
आणि भूकंपाची 'तीव्रता'! धक्क्याची एकूण ताकद आणि एखाद्या गावात तो किती जाणवला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका भूकंपाला एकच असते, दुसरी गावागणिक बदलते. वर्तमानपत्रं दोन्हींना तीव्रता लिहितात. पहिलीला परिमाण किंवा महत्ता म्हणावं असं मी कित्येक वर्षं सांगतो आहे.

घाटपायथा
सगळ्यांचे आभार, तेरणाकाठ ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. माझं पत्रक मात्र उद्या छापायला जायचंय. वरचं सगळं वाचून मी ते वाक्यच मोडलं. आता असं केलंय: "पावसात हा डोंगर सुटू शकतो. सुटला तर तुमचं घर त्याच्या माऱ्यात आहे. झरा अचानक गढूळ झाला, जमिनीला भेगा दिसल्या, झाडं कलली तर रात्र असली तरी घर सोडा." धोका, जोखीम दोन्ही शब्द पहिल्या पानावरून काढले. आपत्ती फक्त कार्यालयाच्या नावात राहिलं. चालेल का?

सडासारवण
माऱ्यात हा शब्द फार आवडला! तोफेच्या माऱ्यात तसं डोंगराच्या माऱ्यात.

मुळाक्षर
पण जोखीम काढून टाकल्यावर मूळ लेखकाचा जो भेद होता तो गेला. भाषांतर म्हणून हे अपुरं आहे.

पंचगंगाकाठ
आजींना कळलं की झालं, सर.

लालमाती
माऱ्यात ठीक. पण "डोंगर सुटू शकतो" असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. डोंगर येतो. "रात्री डोंगर आला" असंच म्हणतात. दरड कोसळली हे आम्ही बातम्यांत ऐकतो.

जुनावाडा
घाटात कडा सुटला म्हणतात की. मी स्वतः भोरकडे ऐकलंय.

लालमाती
कडा सुटेल. डोंगर येतो. घाटपायथा, छापायच्या आधी त्या आजींनाच विचारा.