गालिच्याची लव चपटी होऊन गुंतली आहे. ती पुन्हा उभी करता येईल का?

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार. आमच्या घरी दोन गालिचे आहेत आणि दोन्हींबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. पहिला दिवाणखान्यातील मोठा, बदामी रंगाचा, यंत्रावर केलेला आहे. त्याच्या मागे कापडी चिठ्ठी होती, परंतु ती केव्हाच निघून गेली, त्यामुळे तो कोणत्या धाग्याचा आहे हे मला सांगता येत नाही. दुसरा सासूबाईंचा, लहान, हाताने गाठी मारून केलेला लोकरीचा गालिचा आहे.

मोठ्या गालिच्यावर दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची येण्याजाण्याची वाट आता लांबूनही ओळखू येते. तेथील लव चपटी झाली आहे, तिची टोके एकमेकांत गुंतून लहान पुंजके तयार झाले आहेत आणि रंग करडा पडला आहे. आमच्याकडे सगळेच चपला दाराबाहेर काढतात, तरीही असे का झाले, हे मला समजत नाही. दिवाळीपूर्वी घरी येऊन सफाई करणाऱ्यांकडून तो फेसाने धुऊन घेतला होता. काही दिवस तो उजळ दिसला आणि मग पूर्वीपेक्षाही लवकर मळू लागला. सोफ्याच्या पायांखाली खळगे पडले आहेत, ते वेगळेच.

लोकरीच्या गालिच्याचा एक कोपरा धुलाईनंतर कडक आणि घट्ट झाला आहे. शिवाय त्याचा जो भाग कायम दिवाणाखाली असतो, तेथे एका जागी लव जवळजवळ नाहीशी झाली आहे. तेथे तर कोणाचा पायही पडत नाही.

वाफ, इस्त्री, खाण्याचा सोडा असे अनेक उपाय ऐकले आहेत. त्यांतील कोणते करावेत, आणि गालिचा बदलण्याची वेळ आली आहे हे कशावरून ओळखावे?

विश्रामबाग (सांगली)

ताई, नमस्कार. उपायांकडे वळण्याआधी गालिच्याला नेमके काय झाले आहे ते ओळखावे लागते. चेपलेली लव, साबणाने चिकटलेली लव, गुंतलेली लव आणि झिजून गेलेली लव वरून पाहताना बऱ्याच अंशी सारख्याच दिसतात. परंतु पहिल्या दोन अवस्थांतून गालिचा बहुधा सावरतो, तिसरीतून थोडाफार सावरतो आणि चौथीतून मुळीच सावरत नाही.

सुरुवात धाग्यापासून करावी. गालिच्याच्या कडेला न दिसणाऱ्या जागी दोन-तीन धागे कापून घ्या आणि पाण्याच्या वाटीत बोटाने नीट दाबून भिजवा, म्हणजे त्यांत हवा अडकून राहणार नाही. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. नायलॉन, पॉलिएस्टर आणि लोकर बुडतात. मग एक कोरडा धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येईल अशी राख राहते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा खिडकी उघडी ठेवून आणि शेजारी पाणी घेऊनच करावी.

यानंतर वाटेवरची लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवून मुळाशी पाहा. मुळाशी धागे दाट असतील आणि केवळ वरची टोके विस्कटलेली असतील, तर प्रयत्न करण्याजोगे आहे. मागच्या कापडाची वीण दिसू लागली असेल, तर तेथील धागाच नाहीसा झालेला आहे आणि कोणतीही धुलाई तो परत आणू शकत नाही.

चपला बाहेर काढूनही असे का झाले, या तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे अनवाणी पायांबरोबर त्वचेचे तेल येते, आणि पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नसले तरी तेल मात्र धरून ठेवते. त्या तेलावर घरातली बारीक धूळ बसते. दुसरे म्हणजे ही धूळ धारदार कणांची असते. पायाच्या दाबाखाली ते कण धाग्यांवर सूक्ष्म ओरखडे पाडतात. ओरखडलेल्या धाग्यावरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून तो स्वच्छ असतानाही करडा दिसतो. वाटेचा करडेपणा धुऊनही पूर्ण जात नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि सफाई करणाऱ्याने हे आधीच सांगितले पाहिजे असे माझे मत आहे.

गुंत्याचे कारण आणखी निराळे आहे. कापलेल्या लवेच्या गालिच्यात प्रत्येक झुपक्याला पीळ दिलेला असतो आणि अनेक कृत्रिम धाग्यांत तो कारखान्यात उष्णता देऊन पक्का केलेला असतो. सततच्या वापराने हा पीळ टोकाकडून सुटू लागला की शेजारच्या झुपक्यांचे मोकळे तंतू एकमेकांत शिरतात. ते विंचरून वेगळे करता येतात, परंतु सुटलेला पीळ घरी पुन्हा भरता येत नाही. विरळ विणीच्या आणि सैल पिळाच्या गालिच्यात हे लवकर घडते.

फेसाने धुतल्यानंतर गालिचा अधिक लवकर मळू लागला, हे तुम्ही लिहिलेले लक्षण फार महत्त्वाचे आहे. वाटेवर थोडे साधे कोमट पाणी शिंपडून पांढऱ्या कापडाने घासून पाहा. फेस आला, तर साबण आत राहिला आहे. तो चिकट थर पायाखालची धूळ पकडतो आणि लवेची टोकेही एकमेकांना चिकटवतो.

माणदेशी

विश्रामबाग यांनी मोठ्या गालिच्याविषयी लिहिले आहे, म्हणून मी लोकरीच्या गालिच्यापुरतेच लिहितो. आमच्याकडे माण आणि खटाव भागात दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची घोंगडी घरोघरी वापरली जात असत, आणि घोंगडे गरम पाण्यात घालू नये हे लहानपणापासून ऐकलेले आहे. त्यामागचे कारण गालिच्यालाही लागू पडते. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घासणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू आवळत जाऊन त्यांचा नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला लोकरीचा थर, तयार होतो. तुमच्या गालिच्याच्या कोपऱ्याचे असेच झालेले दिसते. नमदा झालेली लोकर पुन्हा सुटी करता येत नाही, त्यामुळे तेथे जोराने ब्रश फिरवू नये. लव पुरेशी उंच असेल तर वरचा गुंतलेला थर धारदार कात्रीने अगदी थोडाथोडा कातरता येतो. त्याने स्पर्श पूर्वीसारखा मऊ होणार नाही, परंतु तो भाग इतका उठून दिसणार नाही.

दिवाणाखालच्या जागेबद्दल मात्र त्वरेने लक्ष घालावे, अशी विनंती आहे. जेथे पाय पडत नाही तेथे लव नाहीशी होणे ही झीज नसून बहुधा कसर आहे. कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना अंधारी, न हलवलेली जागा आवडते. गालिचा उलटून पाहा: बारीक रेतीसारखे कण, जाळीसारखे धागे किंवा अळ्यांच्या रिकाम्या काती दिसल्या तर खात्री पटेल. गालिचा बाहेर काढून दोन्ही बाजूंनी चांगला झटका, कडक उन्हात पसरा, उलटसुलट करा आणि दिवाणाखालची फरशी, भिंतीच्या कडा व दिवाणाच्या फटी धूळ ओढणाऱ्या यंत्राने (व्हॅक्यूम क्लीनरने) स्वच्छ करा. अंडी फटींत राहिली, तर गालिचा स्वच्छ करूनही कसर परत येते. ऊन एकदा दाखवून थांबू नये. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दाखवावे. रंग विटू नयेत म्हणून रंगीत बाजू फार वेळ उन्हात ठेवू नका.

या गालिच्याला ब्लीच कधीही लावू नये, कारण ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. धुण्याचा सोडाही वापरू नये. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण, गार पाणी आणि दाबून टिपणे एवढेच पुरे. हाताच्या गाठींचा गालिचा असल्यामुळे गेलेल्या जागी जाणकार कारागिराकडून नव्या गाठी भरून घेता येतात. हे काम खर्चिक असते, तरी सासूबाईंच्या गालिच्यासाठी मी ते अवश्य करून घेतले असते.

कराडकर

आमच्या घरी खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी यंत्राने ओढून घेतात आणि त्याने गालिच्याचा वास निश्चितपणे जातो. त्याने लवही मोकळी होते असे सांगतात. याविषयी जाणकारांनी लिहावे.

विश्रामबाग (सांगली)

वासापुरता सोडा उपयोगी आहे, हे मान्य. लव मोकळी होण्याशी मात्र त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या घरगुती यंत्रांना बहुधा केवळ ओढ असते, फिरणारा ब्रश नसतो, त्यामुळे सोड्याची बारीक भुकटी मुळाशी उरते आणि आधीच्या धुळीत तिची भर पडते. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे लोकरीच्या गालिच्यावर तो न वापरलेलाच बरा.

गोडोलीकर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. मोठ्या गालिच्याचा धागा तरंगला आणि जाळल्यावर त्याचा मणी झाला. कोमट पाण्याने भरपूर फेस आला. मुळाशी धागे दाट आहेत, केवळ दाराजवळ पायपुसण्यालगत हातभर भागात मागची वीण दिसते. दिवाणाखाली कसरच निघाली. तो गालिचा आज गच्चीवर आहे. आता मोठ्या गालिच्यातील साबण कसा काढावा आणि खळग्यांवर वाफेची इस्त्री फिरवावी का, हे कृपया सांगावे.

मिरजकर

ताई, इस्त्रीविषयी आधी लिहितो, कारण त्यात नुकसान होण्याचा संभव अधिक आहे. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळते. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे जाऊन वितळते. इस्त्रीचा तळ सुती कापडांसाठी तापवलेला असताना पॉलिप्रॉपिलीनच्या जवळपासही नेऊ नये. या धाग्यावर जड सोफा जोराने ओढल्यास केवळ घर्षणाच्या उष्णतेनेही चकचकीत पट्टा उमटतो, म्हणून सामान नेहमी उचलून हलवावे. खळग्यांसाठी इस्त्री चांगली वीतभर उंच धरून थोडी वाफ सोडावी, बोटांनी लव उलट दिशेने उचलावी आणि गार होईपर्यंत त्यावर पाय देऊ नये. बर्फाचा खडा ठेवण्याचा जो उपाय सांगतात तो लोकरीवर चांगला लागू पडतो, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा सामावून घेते आणि ओलाव्याने तिचा मूळ कुरळेपणा परततो. पॉलिप्रॉपिलीन पाणी घेतच नाही, म्हणून तेथे बर्फाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

साबण काढण्यापूर्वी कोरडी धूळ शक्य तितकी बाहेर काढावी. यंत्र सावकाश, लवेच्या उलट दिशेने आणि एकाच जागेवर अनेकदा फिरवावे. घाईने फिरवलेले यंत्र केवळ वरचा कचरा उचलते. मग जाड, बोथट दातांच्या मोठ्या कंगव्याने पुंजके टोकाकडून मुळाकडे हळूहळू सोडवावेत, म्हणजे झुपके उपटले जात नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु दिसण्यात सर्वांत अधिक फरक यानेच पडतो. यानंतर साध्या कोमट पाण्याचा फवारा मारावा आणि कोरड्या सुती पंचाने दाबून टिपावे. फेस येणे थांबेपर्यंत हे पुनःपुन्हा करावे लागते. शेवटच्या फवाऱ्यात एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे पांढरा व्हिनेगर घातल्यास उरलेला अल्कधर्म निवतो. ओले ओढणारे यंत्र भाड्याने मिळाल्यास श्रम पुष्कळच वाचतील.

गालिचा पाण्याने भिजवून टाकू नका, हे आवर्जून सांगतो. अशा गालिच्याचे झुपके मागे लॅटेक्सच्या लेपाने धरलेले असतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवलेले असते. पाणी आत मुरत राहिले तर हा लेप कमकुवत होऊन भुकटीसारखा झडू लागतो. मागे तागाचे कापड असेल तर त्याचा तपकिरी रंग वर चढून डाग पडतात. साताऱ्यात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ओला गालिचा एका दिवसात वाळणे कठीण, आणि ओल राहिली की बुरशी व कुबट वास येतो. त्यामुळे हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच, सकाळी लवकर सुरू करून पंख्याखाली करावे.

पुढच्या वेळी फेसाने धुणाऱ्याकडून त्याच्या द्रवाचे काही थेंब काचेच्या बशीत घेऊन वाळवून पाहा. कोरडी, सहज झडणारी पापडी उरली तर चालेल. चिकट थर उरला तर तो द्रव गालिच्यावर घेऊ नये.

गोडोलीकर (सातारा)

फारच उपयुक्त माहिती मिळाली. पाऊस संपल्यावर साबण काढण्याचे काम हाती घेईन आणि तोवर केवळ यंत्र व कंगवा वापरीन. दाराजवळचा झिजलेला भाग कापून टाकला तर उरलेला गालिचा उसवत जाईल का?

मिरजकर

नीट कापल्यास उसवत नाही. गालिचा उलटा करून मागच्या कापडावर सरळ रेघ आखा आणि धारदार सुरीने मागूनच कापा, म्हणजे लव कातरली जात नाही. कापलेल्या कडेला लगेच लॅटेक्सचा गोंद लावून तो पूर्ण वाळू द्या आणि मग गाद्या किंवा सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्याकडून काठाला जाड सुती पट्टी शिवून घ्या. साधे शिवणयंत्र या जाडीला पुरत नाही. गालिचा पुन्हा अंथरताना डावे-उजवे फिरवून घाला, म्हणजे वाट निराळ्या भागावर येईल. आणि फरशीवर गुळगुळीत लादी असेल तर खाली नमद्याचे किंवा रबराचे अस्तर घाला. अस्तराविना गालिचा पावलागणिक सरकतो आणि लव खालच्या लादीवर अधिक चेपली जाते. सासूबाईंचा गालिचा मात्र याप्रमाणे कापू नका. हाताच्या गाठींच्या गालिच्यात ताण्याचे, म्हणजे ज्यांवर गाठी मारलेल्या असतात ते उभे धागे कापले गेले की त्या टोकाच्या गाठी सुटू लागतात; तेथे माणदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे कारागिराकडूनच काम करून घ्यावे.