एके४११८ए रिसीव्हर आणि पीसीएम१७९४ए डॅक: ४८ किलोहर्ट्झपर्यंत आवाज, ९६ वर शांतता

सोल्डरगंध (प्रश्न)

नमस्कार. घरी जोडलेल्या डॅकच्या (डिजिटल आवाजाचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाच्या) स्विचांसंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. एस/पीडीआयएफ (उपकरणांतून येणारा डिजिटल आवाजाचा प्रवाह) स्वीकारणाऱ्या रिसीव्हरचे बोर्ड एके४११८ए या चिपचे आहे. त्यातून मास्टर क्लॉक (सगळ्या कामाला ताल देणारे मूळ घड्याळ), बिट क्लॉक (प्रत्येक बिटाचा ठोका), एलआर क्लॉक (डावा की उजवा चॅनल हे सांगणारा संकेत) आणि डेटा या चार तारा पीसीएम१७९४ए असलेल्या दुसऱ्या बोर्डाला जातात. दोन्ही बोर्डे तयार घेतली असून केवळ जोडणी, वीजपुरवठा आणि पेटी माझी आहे. रिसीव्हरबरोबर कोणतेही माहितीपत्रक आले नव्हते. स्विच विक्रेत्याकडून जसे आले तसेच ठेवले आहेत.

डीआयएफ स्विच डेटाची मांडणी ठरवतात, ओसीकेएस हे मास्टर क्लॉक नमुना-वेगाच्या किती पट असावा ते, आणि सीएम हे क्लॉक व डेटा कुठून घ्यायचा ते. सध्याची स्थिती अशी आहे: डीआयएफ२ ऑफ, डीआयएफ१ ऑन, डीआयएफ० ऑन; ओसीकेएस१ ऑफ, ओसीकेएस० ऑन; सीएम१ आणि सीएम० दोन्ही ऑन. डॅकवरील एफएमटी०, एफएमटी१, मोनो आणि सीएचएसएल हे चारही जंपर ग्राउंडला आहेत, म्हणजे तिथे आयटूएस ही डेटाची मांडणी निवडलेली आहे.

अडचणी तीन आहेत. सीडी प्लेअर आणि टीव्ही यांचा आवाज येतो, पण संगणकातून ९६ किलोहर्ट्झ नमुना-वेगाची (सेकंदाला ९६ हजार नमुन्यांची) फाइल लावली की काहीच ऐकू येत नाही. दुसरे म्हणजे तानपुरा आणि आलाप अगदी स्वच्छ वाजतात, पण तबला जोरात सुरू झाला की प्रत्येक थापेवर चरचर होते. तिसरे, डावी आणि उजवी बाजू उलट येते. त्यासाठी सीएचएसएल जंपर बदलून पाहिला, तर बाजू बदलल्या नाहीत.

चिपच्या माहितीपत्रकातील तक्त्यानुसार ओसीकेएसची ०१ ही जोडी ९६ पर्यंत चालायला हवी, आणि डीआयएफची ०११ ही जोडणी २४ बिट राइट जस्टिफाइड (बिट प्रत्येक चॅनलच्या वेळेच्या शेवटाला चिकटवलेली मांडणी) आहे. मग आयटूएसवर ठेवलेल्या डॅकमधून ओळखू येणारे गाणे निघतेच कसे, हे मला उमगत नाही. बोर्डावर १२.२८८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (स्थिर ठोके देणारा घटक) आहे. त्याऐवजी २४.५७६ चा लावावा का?

जुना_ॲम्प्लिफायर

९६ साठी दुप्पट वेगाचा क्रिस्टल लागणारच, त्यामुळे तो बदलून पाहायला हरकत नाही. शक्य असल्यास तापमान-स्थिर ऑसिलेटरच लावा, आवाजही सुधारेल. चरचर मात्र वीजपुरवठ्याची असावी. जोरदार थापेला व्होल्टेज खाली बसत असेल.

तरंगमापक

कृपया क्रिस्टल काढू नका, आणि वीजपुरवठाही तूर्त बाजूला ठेवा. एस/पीडीआयएफ स्वीकारताना एके४११८ए आपला मास्टर क्लॉक येणाऱ्या प्रवाहातूनच पीएलएलच्या (त्या प्रवाहाशी जुळणारे घड्याळ तयार करणाऱ्या मंडलाच्या) साहाय्याने काढते. तसे नसते तर १२.२८८ च्या क्रिस्टलवर ४४.१ ची सीडी योग्य सुरात वाजलीच नसती, कारण तिच्या नमुना-वेगाच्या २५६ पटीसाठी ११.२८९६ मेगाहर्ट्झ लागतात. या मांडणीत गाण्याला वेग देणारे घड्याळ क्रिस्टल नव्हेच, त्यामुळे तिथे महागडा ऑसिलेटर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

आता सीएम पाहा. आपण ऑन म्हणजे १ असे गृहीत धरले आहे. तसे असते तर सीएम ११ झाला असता, आणि त्या स्थितीत चिप क्लॉक क्रिस्टलवरून घेते आणि डेटा डीएयूएक्स या वेगळ्या पायावरून घेते. म्हणजे सीडीचा सूरही कानी पडला नसता. ज्या अर्थी सीडी वाजते, त्या अर्थी आपल्या बोर्डावर ऑन म्हणजे ० आहे. बहुतेक बोर्डांवर प्रत्येक पाय रोधकाने ३.३ व्होल्टला ओढलेला असतो आणि स्विच ऑन केला की तो ग्राउंडला जातो. छापलेल्या अक्षरांवर विसंबू नये. स्विच ऑन आणि ऑफ करून रोधकाच्या टोकाशी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. चिपच्या पायांवर थेट टोक टेकवू नका, ते इतके जवळजवळ आहेत की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

आपली जोडणी आता उलट वाचा, म्हणजे तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो. ओसीकेएस प्रत्यक्षात १० आहे, म्हणजे ५१२ पट मास्टर क्लॉक, आणि त्याची मर्यादा ४८ किलोहर्ट्झ आहे. ९६ वर शांतता येते ती याचमुळे.

डीआयएफ प्रत्यक्षात १०० आहे, म्हणजे २४ बिट लेफ्ट जस्टिफाइड, आणि मला यातली सर्वांत रंजक गोष्ट हीच वाटते. लेफ्ट जस्टिफाइडमध्ये सर्वांत मोठ्या किमतीचा बिट एलआर क्लॉक पालटताक्षणी येतो, तर आयटूएसमध्ये तो एक बिट क्लॉक उशिरा अपेक्षित असतो. त्यामुळे आपला डॅक पहिला बिट गमावून दुसऱ्यापासून वाचू लागतो, आणि प्रत्येक नमुन्याची किंमत दुप्पट होते. हळू आवाजात वरचे दोन बिट सारखेच असतात, म्हणून पहिला हरवला तरी बिघडत नाही. आवाज केवळ ६ डेसिबलने मोठा होतो. पण नमुना पूर्ण मर्यादेच्या अर्ध्यापलीकडे गेला, की दुप्पट केलेली संख्या मावत नाही आणि चिन्ह पालटून धन टोकावरून ऋण टोकाला उडी मारते. तबल्याच्या थापेवरील चरचर ती हीच. बाजूंचेही कारण तेच आहे: लेफ्ट जस्टिफाइडमध्ये एलआर क्लॉक वर असताना डावा चॅनल असतो, आयटूएसमध्ये तो खाली असताना.

चूक याच्या उलट दिशेने असती, म्हणजे रिसीव्हर आयटूएसवर आणि डॅक लेफ्ट जस्टिफाइडवर, तर चिन्हाचा बिट एक घर मागे सरकून हळू आवाजसुद्धा असह्य झाला असता. म्हणून चरचर केवळ मोठ्या आवाजात होते की सतत, हे निदानासाठी आधी विचारावे.

सीएचएसएल हा चॅनल निवडतो तो फक्त मोनो मांडणीत. स्टीरिओत तो डिजिटल फिल्टरचा उतार तीव्र की सौम्य हे ठरवतो, म्हणून बाजू बदलल्या नाहीत. तो पूर्ववत ग्राउंडलाच ठेवा.

तेव्हा वीज बंद करून दोनच स्विच हलवा: डीआयएफ० ऑफ आणि ओसीकेएस० ऑफ. त्याने डीआयएफ १०१, म्हणजे २४ बिट आयटूएस, आणि ओसीकेएस ११, म्हणजे १२८ पट मास्टर क्लॉक मिळेल, ज्याची मर्यादा १९२ किलोहर्ट्झ आहे. पीसीएम१७९४ए १२८ पट क्लॉक ४४.१ वरही स्वीकारते. फ्रीक्वेन्सी काउंटर असेल तर सीडी चालू असताना मास्टर क्लॉकवर आधी २२.५७९२ आणि नंतर ५.६४४८ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत.

सोल्डरगंध

मनःपूर्वक आभार. मोजमाप केले: ऑनवर ० व्होल्ट, ऑफवर ३.३ व्होल्ट. सांगितलेले दोन स्विच बदलल्यावर ९६ ची फाइल वाजली, तबला स्वच्छ झाला आणि डावी-उजवी बाजू जागेवर आली. आवाजाची पातळी आधीपेक्षा कमी झाली, तेही आपण म्हणालात तसेच. केवळ १९२ वर ऑप्टिकल केबलने आवाज तुटक येतो; कोॲक्सियलने तो व्यवस्थित येतो.

तरंगमापक

मग स्विचांत काही उरलेले नाही. १९२ वर एस/पीडीआयएफमधून दर सेकंदाला १ कोटी २२ लाख ८८ हजार बिट जातात, आणि अनेक ऑप्टिकल रिसीव्हर मॉड्यूल ९६ पर्यंतच्याच वेगासाठी बनवलेली असतात. १९२ साठी कोॲक्सियलच वापरा. त्याच्या टोकाला ७५ ओहमचा रोधक आहे ना, तेवढे पाहून घ्या.

खटका_बटण

हा धागा वाचून कोणी हीच ओसीकेएसची जोडणी दुसऱ्या डॅकवर उतरवणार असेल, तर एक भर घालतो. एके४३९६ सारख्या चिप स्वयंचलित मांडणीत मास्टर क्लॉकचे गुणोत्तर पाहून वेग ठरवतात: ५१२ पट म्हणजे सामान्य, २५६ म्हणजे दुप्पट आणि १२८ म्हणजे चौपट. तिथे १२८ पट क्लॉकवर सीडी लावली, तर चिप तिला १९२ च्या वर्गातील प्रवाह समजून त्याप्रमाणे फिल्टर निवडते. आवाज येतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. अशा डॅकसाठी ४४.१ आणि ४८ वर ओसीकेएस १० हीच स्थिती योग्य आहे, आणि वरचे वेग हवे असल्यास स्विच हाताने बदलावा लागतो किंवा मायक्रोकंट्रोलर जोडून ते काम त्याच्याकडे सोपवावे लागते.