आजीच्या कष्टाच्या आठवणी, तिच्या विनोदासकट आणि देवासकट, कशा उतरवायच्या?

पानगळ:
नमस्कार मंडळी. आजी ८३ वर्षांची आहे. शिवणकाम करून तिने घर चालवलं, मुलं शिकवली. तब्येत ठीक आहे, ऐकू कमी येतं म्हणून श्रवणयंत्र वापरते. तिच्या आठवणींचं घरच्यांपुरतं छोटं पुस्तक करायचं आहे. पण "तुझ्याबद्दल सांग ना" म्हटलं की "काय सांगायचं, राबराब राबले, देवाने निभावून नेलं" इथेच गाडी अडते. एरवी ती बोलते फार मजेशीर, मात्र तेच कागदावर उतरवलं की सपक होतं. आणि तिची देवावर गाढ श्रद्धा आहे, पुढच्या पिढीतल्या निम्म्यांची नाही. तो भाग प्रवचन न होता कसा यावा? रेकॉर्डिंगला फोन पुरेल का, साधारण किती पानं होतील, तेही सांगा.

कानोसा:
प्रश्न फार मोठा विचारताय. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस सारांशच देतो आणि तो सारांश वर्षानुवर्षं पाठ झालेला असतो. प्रश्न इतका लहान करा की उत्तर एका वाक्यात संपेलसं वाटावं. ते संपत नाही.

शिवणकाम आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलीच. जुनं मशीन घरात असेल तर तिला त्याच्यासमोर बसवा आणि दोरा ओवायला सांगा. सवयीच्या हालचालींची आठवण मेंदूत नावं-तारखांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने साठवलेली असते, त्यामुळे नावं विसरली तरी हात बहुधा विसरत नाहीत. बॉबिन भरता भरता ती आपणहून बोलायला लागेल. तेव्हा कामाचंच विचारा. दोरा सारखा तुटायला लागला तर आधी काय बघायचीस, सुई की ताण? कापड कमी आणलं असेल तर कुठून वाचवायचीस? एका बैठकीत काजं किती व्हायची? रात्री उजेडाची काय सोय होती? मशीनच्या आवाजाने मुलं उठू नयेत म्हणून काय करायचीस? माप चुकलं तर भरपाई कोणाच्या खिशातून? पैसे बुडवणाऱ्याला कसं गाठायचीस? विनोद या शेवटच्या प्रश्नापाशी सापडेल. "एखादी गंमत सांग" म्हटल्यावर कोणालाही गंमत आठवत नाही.

सुरुवात तिच्या १० ते ३० या वयापासून करा. उतारवयात याच काळातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि ठसठशीत येतात, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. काम शिकली कोणाकडे, पहिली कात्री कोणाची, पहिली मजुरी कोणाच्या हातावर ठेवली. चाळिशी-पन्नाशीची वर्षं मात्र एकसारखी असल्याने एकमेकांत मिसळून जातात. त्यांच्यासाठी वस्तू लागते: मापांची वही, उधारीची चिठ्ठी, एखादा फोटो. समोर वस्तू नसताना "तेव्हा कसं होतं?" विचारलं तर पुन्हा राबराब राबलेच ऐकायला मिळेल.

ती थांबली की मनात दहापर्यंत मोजा. मध्ये बोलू नका.

जुना_टेप:
फोन पुरतो, खोली नीट निवडा. पंखा बंद, फ्रिज लांब, कुरकुरणारी खुर्ची बाहेर. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-पडद्यांच्या खोलीत घुमत नाही. फोन विमान मोडवर टाका आणि थेट टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावर टेकलेलं प्रत्येक बोट रेकॉर्ड होतं. कॉलर माइक मिळाला तर उत्तम: हनुवटीखाली १५ ते २० सेंटीमीटरवर लावा, गळ्यातली साखळी-माळ त्यावर घासणार नाही असा.

श्रवणयंत्र काढायला सांगू नका. त्यातून शिट्टी येत असेल तर बहुतेक वेळा ते कानात नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो. तुम्ही समोर, मीटरभर अंतरावर बसा आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. कमी ऐकू येणारी माणसं ओठही वाचत असतात. ओरडू नका, सावकाश बोला. सैल कवळी टकटक वाजते, तिचा बंदोबस्त आधी करा. पाण्याचा पेला हाताशी, माइकपासून दूर.

फॉरमॅट वेव्ह ठेवा, त्यात आवाज दाबला जात नाही: मोनो (एकच आवाजपट्टी), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. जागा नसेल तर १२८ केबीपीएसची एमपीथ्री चालेल, तासाला ५८ एमबीच्या आसपास. ॲपमध्ये गोंगाट कमी करायची सोय असेल तर ती बंद करा, हळू बोललेल्या वाक्यांच्या शेपट्या ती खाऊन टाकते, आणि विनोद नेमका शेपटीत असतो. आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. हे सगळे टाळतात आणि तासाभराने कळतं की माइक खिशाच्या आत होता.

बैठक ४० ते ४५ मिनिटांची, सकाळी. जेवणानंतर नको. सुरुवातीला तारीख, तिचं नाव, तुमचं नाव बोलून घ्या. फाइलला "वर्ष-महिना-दिवस-विषय" असं नाव द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

कानोसांची मशीनची युक्ती चांगली, पण चालत्या मशीनच्या आवाजात बोलणं रेकॉर्ड करू नका. त्याचा वेगळा व्हिडिओ घ्या, फक्त हातांवर रोखून.

पानगळ:
मशीन आहे! आणखी एक विचारायचं राहिलं. तिच्या तारखा जुळत नाहीत, आणि एकच किस्सा दोनदा सांगितला तर शेवट वेगळा असतो. तिथल्या तिथे दुरुस्त करावं का?

शाईदौत:
अजिबात नाही. एकदा दुरुस्त केलंत की पुढची प्रत्येक गोष्ट ती तुमच्याकडे बघत, तपासत सांगेल. तारखांऐवजी खुणा वापरा: हे थोरल्याच्या जन्माआधी की नंतर, जुन्या घरात की नव्या, पहिल्या मशीनवर की दुसऱ्या? लांबच्या घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडच्या वाटतात, हा स्मृतीचा नेहमीचा खेळ आहे. खरं साल शाळेच्या दाखल्यावरून, पावतीवरून काढा आणि तळटीपेत द्या, तिच्या तोंडी घालू नका. शेवट दोन असतील तर दोन्ही ठेवायला हरकत नाही.

आता सपकपणाचं. बोलण्यातला विनोद थांब्यात आणि सुरात असतो. कागदावर तुमच्या हातात फक्त शब्दांचा क्रम उरतो. मनाने रचलेलं उदाहरण घेऊ. रेकॉर्डिंगमध्ये असं आहे समजा: "मी त्याला सदरा वेळेवर दिला पण काजं केलीच नव्हती, म्हणजे बटणं पाचही होती, काजं नव्हती, पैसे राहिले होते ना त्याचे." बहुतेक जण याचं असं करतात: "पैसे न देणाऱ्या एका गिऱ्हाइकाला आजीने गमतीने बिनकाजांचा सदरा दिला!" मेला विनोद. "गमतीने" शब्दाने आधीच सांगून टाकलं, उद्गारचिन्हाने कोपराने ढोसलं, आणि आजी गायब. आता हे बघा: "पैसे राहिले होते त्याचे. सदरा वेळेवर दिला. बटणं पाचही लावली. काजं नाही केली." शब्द तिचेच, फक्त कारण पुढे आणलं आणि फटका शेवटी नेला. कंसात "(हसते)" लिहू नका. हसायचं की नाही ते वाचणारा ठरवेल.

काही विनोद झाकण म्हणून असतात. विशिष्ट प्रसंग आला की दरवेळी तोच विनोद, त्याच शब्दांत येत असेल तर खाली काहीतरी आहे. त्या दिवशी उकरू नका. दुसऱ्या दिवशी बाजूने या: त्या संध्याकाळी घरात कोण कोण होतं, चूल कोणी पेटवली. सांगितलं तर सांगितलं.

हिशेब असा. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला ४ ते ६ तास लागतात. आवाजावरून टाइप करणारं ॲप कच्चा मजकूर देतं, पण गावरान शब्द आणि नावं हमखास बिघडवतं, म्हणून ऐकत ऐकत तपासावंच लागतं. पाऊण तासात साधारण ४,५०० शब्द. दहा बैठकांचे ४५,०००. त्यातलं पुनरुक्ती काढून तिसरा हिस्सा ठेवलात तर १५,०००. मोठ्या टाइपात पानाला २३० शब्द धरले की ६५ पानं. घरच्या पुस्तकाला याहून जाड करू नये, कोणी वाचत नाही.

कानोसा:
तिसऱ्या हिश्शाबद्दल थोडा मतभेद. काटछाट करणारा हात नकळत भाषा साफ करत जातो, आणि मग ८३ वर्षांची बाई वर्तमानपत्रासारखी बोलायला लागते. निदान एक प्रकरण जसंच्या तसं ठेवा, "म्हणजे", "काय म्हणत होते" यांसकट.

शाईदौत:
मान्य. एक प्रकरण. सगळं पुस्तक नको.

पायरी:
श्रद्धेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

"देवाने निभावून नेलं" हे वाक्य खोडू नका आणि तसंच सोडूही नका. विचारा: कोणत्या दिवशी? त्या दिवशी घरात पैसे किती होते, काम कोणतं हातात होतं, मदत कोणाच्या रूपाने आली? मग मागितलेलं न मिळाल्याचं विचारा. देवावर कधी रुसलीस का? बोलणं कधी बंद केलंस, पुन्हा कधी सुरू केलंस? पक्की श्रद्धा असणारी माणसं या प्रश्नाने दुखावत नाहीत, उलट खुलतात. देवाशी भांडण हा विनोदाचा मोठा साठा असतो, तो वेगळा शोधावा लागत नाही. प्रार्थना बसून करायची की पाय मशीनवर ठेवूनच, हेही विचारा.

"आजीची श्रद्धा" असं वेगळं प्रकरण मात्र करू नका. न मानणारे नेमकं तेच उलटून पुढे जातील. देव तिच्या कामात जिथे आला तिथेच राहू द्या, उसवलेल्या शिवणीत, थकलेल्या हप्त्यात. आणि सगळं "मी" मध्ये लिहा. "मला वाटलं, देवानेच पाठवला त्याला" हे तिचं म्हणणं राहतं. "देवकृपेने मदत मिळाली" असं लिहिलंत की ते तुमचं विधान होतं आणि न मानणारा तुमच्याशी वाद घालायला बसतो. प्रार्थनेचे शब्द ती म्हणते तसेच घ्या, छापील पाठाशी जुळवू नका.

एक सावधगिरी. म्हातारपणी मागे वळून बघणं हे पूर्वी बुद्धी ढळल्याचं लक्षण मानलं जाई. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की ती त्या वयातली स्वाभाविक प्रक्रिया आहे. पण त्यातून पश्चात्ताप आणि निराशाही वर येऊ शकते, हेही त्यानेच सांगितलं. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवा, माणूस सोडून उठू नका. अवघड विषयावर बैठक संपवू नका, शेवटची दहा मिनिटं हलक्या गोष्टींना ठेवा. झोप किंवा जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

जुना_टेप:
छपाईचं राहिलंय. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला दुसऱ्या संगणकावर कचरा होतो. मधे पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे तुमची ६५ ची ६४ किंवा ६८ करावी लागतील. तिच्या स्वतःच्या प्रतीत अक्षर १६ पॉइंटचं ठेवा. फोटो छापताना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, म्हणून दोन इंची फोटो चार इंची छापायचा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ फोटोच्या पाठीवर नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

छापण्याआधी सगळा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवा, एका वेळी दहा पानांपेक्षा जास्त नको. काय काढायचं ते ती ठरवेल. पैसे बुडवणाऱ्यांची नावं तेवढी बदला, त्यांची नातवंडं शेजारीच राहत असतील.