मामंजी विडी ओढतात, बाळाला सारखी सर्दी. संबंध असतो का?

निपाणीची सून

नमस्कार. आमचं घर निपाणीत, जुन्या वखारींच्या बाजूला. मुलगा सव्वा वर्षाचा. मामंजी ६८ वर्षांचे, चाळीस वर्षं झाली विडी ओढतात, रोज एक-दीड बंडल. आधीच सांगते, माणूस लई मायाळू. बाळ त्यांच्याच मांडीवर वाढलंय.

पण गेल्या पावसाळ्यापासून एकच क्रम चाललाय. पहिल्यांदा मामंजींना सर्दी, मग ढास. तीन-चार दिवसांत बाळाचं नाक गळायला लागतं, त्यामागून आत्त्या, शेवटी मी. जुलैत बाळाच्या छातीत घरघर सुरू झाली. रात्री दोनला दिवा लावून बघितलं, तर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तसंच गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. कोगनोळी नाका येता येईना. चार दिवस ऑक्सिजन लावलेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी छाती तपासता तपासताच विचारलं, "घरात कोण ओढतं का?" नवरा म्हणाला, "कोणी नाही." मी खाली बघत उभी राहिले.

तो असं का बोलला, ते मला कळतं. आत्त्यांनी तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, हजाराचा हिशेब, छाट निघाली की मजुरी कापली. त्याच पैशावर नवरा शिकला. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, त्यात मामंजी होते. तंबाखूवर उभं राहिलेलं घर हे. इथं तंबाखूविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

आता ते बाहेर कट्ट्यावर बसून ओढतात, खरं विडी टाकली की लगेच आत येऊन बाळाला उचलतात. म्हणतात, "विडीनं कफ सुटतो, सर्दी पावसाची हाय." कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. विडीच्या धुराचा आणि सर्दी-तापाच्या विषाणूचा खरंच काही संबंध असतो का?

चिकोडीची सिस्टर

बाई, मी आरोग्य खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते. ती सारखी हलत असते आणि कफ वर घशाकडे ढकलत असते. श्वासातून आलेला विषाणू त्या कफात अडकतो आणि बाहेर पडतो. धुरानं ही लव आधी मंदावते, वर्षानुवर्षं ओढलं की झडते. मग कफ खालीच साठतो आणि तो काढायला खोकण्याशिवाय वाट उरत नाही. मामंजींची सकाळची ढास ती हीच. विडी ओढल्यावर खोकला येऊन कफ पडतो, म्हणून माणसाला वाटतं विडीनं सुटला. साठवला तिनंच. वर विडी सारखी विझते, म्हणून ती सिगारेटपेक्षा जास्त वेळा ओढावी लागते.

इस्रायलच्या लष्करातल्या एका तुकडीत फ्लूची साथ आली होती. ३३६ तरुण जवान, एकाच छावणीत राहणारे. त्याचा अभ्यास १९८२ साली छापून आला. ओढणाऱ्यांतल्या ६८.५ टक्के जणांना फ्लू झाला, न ओढणाऱ्यांतल्या ४७.२ टक्क्यांना. धडधाकट पोरांची ही गत, तर चाळीस वर्षं ओढलेल्या माणसाचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

धुरातून विषाणू तयार होत नाही, हे मात्र ध्यानात घ्या. ज्याला सर्दी लवकर धरते आणि जो जास्त खोकतो, तो घरात विषाणू जास्त पसरवतो. विडीचा हात सारखा तोंडाला जातो, तोच हात बाळाच्या गालाला. कट्ट्यावर एक विडी दोघांत फिरते, तिथून तर सरळ थुंकीच येते. आणि बाळाच्या नळ्या मुळातच गवताच्या काडीएवढ्या. धुरानं त्या सुजलेल्या असल्या की साधा विषाणूही छातीत उतरतो. बाळांना अशी घरघर बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूनं होते. मोठ्यांना त्याची नुसती सर्दी होते.

बाहेर ओढतात हे बरंच आहे, पण पुरेसं नाही. विडी टाकल्यावरही काही मिनिटं श्वासातून धूर येत असतो, आणि सदऱ्याला, केसांना धरतो तो वेगळाच. हात-तोंड धुऊन, सदरा बदलून, थोड्या वेळानं बाळाला घ्यायला सांगा. फ्लूची लस आज्जालाही आणि बाळालाही देता येते, डॉक्टरांना विचारून घ्या. ती आरएसव्हीवर चालत नाही, तरी एक दुखणं टळतं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना खरं सांगा, बाई.

एक विचारते. बाळाचं नाक मामंजी कशानं पुसतात?

खानापूरकर

कोविडमध्ये ओढणाऱ्यांना तो कमी होतो असं ऐकलं होतं. आमच्या गावात तेवढ्यावर दोघा-तिघांनी सोडलेली परत धरली.

चिकोडीची सिस्टर

दादा, २०२० च्या सुरुवातीला दवाखान्यात दाखल झालेल्यांच्या आकड्यांवरून तसं बोललं गेलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ओढणाऱ्याला कोविड झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. त्या दोघा-तिघांना हे जरूर सांगा.

वडगावचा मागवाला

ताई, मी २२ वर्षं ओढली, सोडून सहा झाली. एक गोष्ट मामंजींना आधीच सांगून ठेवा. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढतो. मला तर वाटलं, विडीच बरी होती, आणि दोनदा परत धरली. नंतर कळलं की ती लव परत काम करायला लागली की साठलेलं सगळं वर येतं. तिसऱ्यांदा मी मागाजवळची काडेपेटी उचलून देवघरात ठेवली. विडी पेटवायची तर हातपाय धुऊन तिथं जायचं. माझ्या हातून ते झालं नाही. पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर असतो, फुकट आहे. त्यांनी मला कधी रागावून सांगितलं नाही. तुम्हीही तंबाखूला नावं ठेवू नका, नुसतं बाळाचं बोला.

निपाणीची सून

सिस्टर, तुम्ही नाकाचं विचारलं म्हणून काल दिवसभर बघत होते. मामंजी खांद्यावरच्या टॉवेलात खोकले, आणि थोड्या वेळानं त्याच टोकानं बाळाचं नाक पुसलं. मायेनंच. रोज डोळ्यांसमोर होत असणार, मला दिसलं नव्हतं.

टॉवेल नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं वास घेतला आणि काही बोलला नाही. रात्री जेवणं झाल्यावर तोच मामंजींच्या शेजारी जाऊन बसला आणि कोल्हापुरात आपण खोटं सांगितलं ते बोलला. मामंजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं की रं, ओढतो म्हणून."

विडी सुटलेली नाही. पण आज सकाळी चहानंतर कट्ट्यावरून आत आले, बाळानं हात पसरले, तर "थांब रं बाळा" म्हणून आधी मोरीत गेले. बाळ रडायला लागलं. आत्त्यांनी खुंटीवरचा धुतलेला सदरा नेऊन दिला.

दादा, नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये घातलाय. काडेपेटीचं आत्त्यांना सांगितलं, त्यांनी ती रात्रीच देव्हाऱ्यात ठेवली.