मदत हवी आहे: कादंबरीतला कुत्रा कोर्टात कसा आणायचा? (अर्जंट)

मांजराकाठची
नमस्कार. पटकन मदत पाहिजे. मी कादंबरी लिहितेय, हलकीफुलकी आहे, कोर्टातली आहे, रहस्य आहे आणि कुत्रे आहेत. चौदा प्रकरणं झाली, पंधराव्यात दोन महिन्यापासून अडकलेय. पोलिसांनी सुभेदारला जप्त केलंय आणि सोमवारी तारीख आहे. तर केस चालू असताना तो राहणार कुठं? आणि जजसाहेबांपुढं त्याला आणता येतं का नाही? लातूरच्या कोर्टात खरं जसं चालतं तसं पाहिजे, सिनेमातलं ऑर्डर ऑर्डर नको. दिवाळीच्या आत संपवून आईला वाचून दाखवायचंय, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

निवृत्त_शिरस्तेदार
सुभेदार फौजेतले का? माणसाला जप्त करत नसतात, अटक म्हणा.

मांजराकाठची
काका सुभेदार कुत्राय हो!!

काळाकोट
ताई केस कशाची ते लिहिलंच नाही. कुत्रा चावला, त्याला कुणी मारलं, का चोरला? मालकाच्या हलगर्जीपणानं कुणाला इजा व्हायचा धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) 291, जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर 325, चोरी असेल तर 303. आणि घटना कधीची? 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनी कलमं लागतील.

ढोरांचा_डॉक्टर
चावला असेल तर आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस चालू करायची. खेड्यात लोक अजून मांत्रिकाकडं जायलेत म्हणून कळकळीनं सांगतो.

मांजराकाठची
डॉक्टर साहेब कुणालाच चावला नाही. चोरलाय. 2024 च्या आषाढीच्या आदल्या आठवड्यात, सगळं गाव वारीला गेलेलं असतं तेव्हा.

निवृत्त_शिरस्तेदार
त्या साली आषाढी 17 जुलैला होती. म्हणजे नवा कायदा.

पश्मीवाला_अहमदपूर
जात कोणती दाखवलीय? मुधोळ नका दाखवू बगा, ते कर्नाटकातलं. आपल्या लातूर भागातलं पश्मी दाखवा, कानाला आणि शेपटीला रेशमासारखी झालर असते. गुळगुळीत अंगाचं असलं तर कारवानी. माझ्याकडं दोन आहेत, सश्यामागं सुटली की रान कमी पडतं.

बाभूळबन
जातीचं काय घेऊन बसलात, गावठी कुत्र्यासारखं इमानी कोण नसतं. ताई माझं ऐका, पोलिसांचं श्वानपथक आणा, ते वास काढत थेट चोराच्या दारात जाऊन बसतं, चोर पकडला, कादंबरी संपली.

काळाकोट
असं संपत नाही बाभूळबन. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1969 साली सुप्रीम कोर्टानं या पुराव्याला फार वजन दिलं नाही. एक अडचण अशी की कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेणार नाही, त्याची उलटतपासणी होणार नाही, त्याच्या वतीनं बोलणार त्याचा हँडलर, म्हणजे ऐकीव गोष्ट. ताई, हा प्रसंग मात्र बचावाच्या वकिलाला द्या, वाचायला मजा येईल.

बाभूळबन
आमच्या गल्लीत मोटार चोरीला गेली तेव्हा कुत्र्यानंच माग काढला होता. कायद्यापेक्षा अनुभव मोठा.

काळाकोट
माग काढला, शिक्षा झाली का?

मांजराकाठची
भांडू नका ना, माझा प्रश्न तसाच राहिला. तो राहणार कुठं??

काळाकोट
तो कायद्याच्या भाषेत मुद्देमाल. पोलिसांनी जप्ती कोर्टाला कळवली की नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी केस कशी चालवायची तो नवा कायदा) कलम 497 खाली ताब्यासाठी अर्ज करायचा (जुन्या कायद्यात 451). कोर्ट बंधपत्र घेऊन सुपूर्तनाम्यावर देतं, बोलावलं की हजर करायचा या अटीवर. पण त्याच्या आधीच तुमची गाडी अडकते. कुत्र्याची किंमत किती धरलीय?

मांजराकाठची
किंमत कशाला? त्याच्या मालकीणबाई, आत्याबाई, त्यांचा जीव होता त्याच्यात.

काळाकोट
जीव पंचनाम्यात लिहीत नाहीत ताई. मालाची किंमत पाच हजाराच्या खाली असली की चोरी अदखलपात्र. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच नाही. पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. मग जप्ती झालीच कशी?

पश्मीवाला_अहमदपूर
म्हणून म्हणलं जात दाखवा! मी पिल्लूच आठ हजाराला आणलंय, पावती आहे.

मांजराकाठची
अरे वा!! म्हणजे फिर्यादी म्हणणार अस्सल पश्मी, आरोपी म्हणणार गावठी, आणि किंमत ठरवायला जनावरांच्या डॉक्टरला साक्षीला बोलवायचं. पंधरावं प्रकरण मिळालं मला.

ढोरांचा_डॉक्टर
डीएनए पण काढता येईल. मध्य प्रदेशात होशंगाबादला 2020 साली एका लॅब्राडॉरवर दोघांनी हक्क सांगितला तेव्हा पोलिसांनी तेच केलं होतं. पण जुळवायला मायबापाचा नमुना लागतो.

निवृत्त_शिरस्तेदार
मला एक कळेना. एवढं कुत्रं चोरावं काहून?

मांजराकाठची
ते मी लिहिलं नाही का? मृत्युपत्रावर त्याच्या पंजाचा ठसाय. आत्याबाई निपुत्रिक विधवा, वाडा भाच्याच्या (फिर्यादी तोच) नावानं करून गेल्या, साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही आणि सुभेदारचा पंजा. पंजा त्याचाच हे कोर्टात दाखवायचंय. म्हणून तर पुरावा मिटवायला चोरला.

काळाकोट
हे आधी सांगायचं होतं! मृत्युपत्र नोंदवलेलं नसलं तरी चालतं पण साक्षीदार दोन लागतात, आणि पंजा काही साक्षीदार होत नाही. मृत्युपत्र पडलं. मग हिंदू वारसा कायद्याचं कलम 15, नवरा नाही, मूलबाळ नाही, वाडा नवऱ्याच्या वारसांकडं जाणार. चोर कोण दाखवलाय?

मांजराकाठची
पुतण्या.

काळाकोट
पुतण्याला मृत्युपत्र पडलेलंच पाहिजे, ते आपोआप पडलंय. त्यानं कुत्र्याला हात लावायची गरजच नाही. धडपड भाच्याला करावी लागणार.

बाभूळबन
भाचा फिर्यादी आहे ना पण?

मांजराकाठची
हो. त्यानंच आधी लपवला आणि त्यानंच फिर्याद दिली, गाजावाजा व्हावा म्हणून... थांबा थांबा. सहाव्या प्रकरणात त्याच्या धोतराला केस लागलेले मीच लिहिलेत, सहज लिहिले होते. दादा लई उपकार झाले, आईला आज रात्रीच सांगते. आठवं आणि अकरावं बदलावं लागेल, बदलते.

पश्मीवाला_अहमदपूर
केस लांब रेशमी लिहा, गुळगुळीत नको. आणि कुणाला पिल्लू पाहिजे असेल तर संक्रांतीनंतर होतील.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, वाडा आत्याबाईंच्या नवऱ्याचा होता का त्यांना माहेराकडून आलेला? आईबापाकडून वारशानं आला असेल तर तो वडिलांच्या वारसांकडं जातो, म्हणजे पुन्हा भाचाच.