ह्युमनाइझचं बटण दाबून ठेक्याला वजन येतं का?

नौपाडाकर (धागा सुरू करणारा)

गेल्या महिन्यात एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत केलं. ठाण्यातलाच ग्रुप, स्पर्धेसाठी बसवलेली. एका प्रवेशात आजीच्या आठवणीतला तमाशाचा फड उभा राहतो, तिथे ढोलकी हवी होती. वादकाला द्यायला ग्रुपकडे पैसे नव्हते. मी सॅम्पल लायब्ररीतली ढोलकी घेतली आणि सॉफ्टवेअरच्या पियानो रोलमध्ये, म्हणजे नोट्स आखायच्या खिडकीत, माउसने आठ मात्रांचा केरवा भरला. सगळ्या नोट्सची वेलॉसिटी, म्हणजे जोराचा आकडा, १२७ पैकी ९० वर. मग सगळ्या सिलेक्ट करून ह्युमनाइझचं बटण दाबलं: वेलॉसिटीला रँडम अधिक-उणे २०, वेळेलाही रँडम अधिक-उणे २० टिक्स (सॉफ्टवेअरचं वेळेचं बारीक माप). खालची वेलॉसिटीच्या दांड्यांची लेन मस्त खडबडीत दिसायला लागली. वाटलं, झालं काम.

तालमीला ग्रुपमधल्या एका मुलीचे वडील आले होते. भजनी मंडळात वर्षानुवर्षं पखवाज वाजवणारे गृहस्थ. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि विचारलं, "यात सम कुठे आहे?"

घरी येऊन लेन नीट बघितली. पहिल्याच आवर्तनात समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, धा ७८ वर आणि सहाव्या मात्रेचा क १०७ वर. मिनिटाला १०० ठोक्यांची लय, एका ठोक्याला ९६० टिक्स, म्हणजे २० टिक्स साडेबारा मिलिसेकंद होतात. काही ठिकाणी सम तेवढी मागे आणि तिच्या आधीचा ना तेवढाच पुढे. त्या दोघांमधलं अंतर २५ मिलिसेकंदांनी ताणलेलं, पुढच्या आवर्तनात तितकंच आवळलेलं. ऐकणाऱ्याने पाय कुठे आपटायचा?

रात्री सगळं पुसून हाताने बसवलं. धा ११०, गे ५८, ना ८४, ती ६२, खालीचा (पाचव्या, हलक्या मात्रेचा) न ७०, क ४५, धि ८८, ना ७६. रँडम शून्य. चौथ्या आवर्तनात शेवटचा ना ९२ पर्यंत वर नेला, कारण तिथून तोडा, म्हणजे ठेक्याच्या मधला भरणीचा तुकडा, सुरू होतो. दुसऱ्या दिवशी तीच लायब्ररी, तोच ठेका, आणि आजीचं काम करणारी मुलगी आपोआप समेवर वळायला लागली. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

वादकाचा हात थोडाफार चुकतो म्हणून ठेका जिवंत वाटतो, या समजुतीवर ही ह्युमनाइझची बटणं उभी आहेत. चांगला वादक ठरवून दाबतो आणि ठरवून सोडतो. रँडमला सम-खाली माहीत नसते, त्यामुळे ते ठेक्याचं वजन मोडतं. माझं मत: ठेका वाजवून रेकॉर्ड करा, आणि वाजवता येत नसेल तर एकेक नोट हाताने बसवा. रँडमला हात लावू नका.

ऐरोलीकर

अनुभव खरा आहे, निष्कर्ष पटला नाही. अधिक-उणे २० म्हणजे १२७ पैकी ४० चा पट्टा तुम्ही यंत्राच्या हाती दिलात. सम हरवणारच. मीठ जास्त पडलं म्हणून कोणी मीठ बंद करत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मी ऐरोलीत वन बीएचकेमध्ये आई-वडील आणि भावासोबत राहतो. भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे. माझं काम रात्री दहानंतर, हेडफोन लावून. ड्रम पॅड बडवला तरी खालच्या मजल्यावर ठकठक जाते. कीबोर्ड मी शिकलेलो नाही. मी जे काही केलंय ते माउसवर केलंय, आणि त्यातली दोन गाणी लोकांनी लग्नात वाजवली. "वाजवून रेकॉर्ड करा" हा सल्ला ज्याच्याकडे जागा आहे त्याच्यासाठी झाला.

हाताने बसवायचं म्हणता तर हिशेब करा. १०० च्या लयीत तीन मिनिटं म्हणजे ३०० ठोके, एका ठोक्यात चार हाय-हॅट (ड्रमच्या झांजा), एकूण १,२०० नोट्स. फक्त हाय-हॅटच्या. अशी अकरा वाद्यं असतात आणि क्लायंटला सकाळी गाणं हवं असतं.

नौपाडाकर

जागेचा मुद्दा मान्य. तो मी लक्षातच घेतला नव्हता.

पण १,२०० नोट्स कोणी एकेक करून बसवत नाही. एक आवर्तन मनापासून घडवा, कॉपी करा, मग जिथे गाण्याची ओळ बदलते तिथेच हात लावा. मला त्या प्रवेशाला चाळीस मिनिटं लागली.

आणि अधिक-उणे १० ठेवलं तरी एक भानगड आहेच. समजा तुमच्या लायब्ररीत चार लेअर, म्हणजे वेगवेगळ्या जोराची चार रेकॉर्डिंग, आहेत आणि ते सारखे वाटलेत: ३१ पर्यंत पहिला, ६३ पर्यंत दुसरा, ९५ पर्यंत तिसरा, वर चौथा. नोट ९५ वर ठेवून अधिक-उणे १० दिलं की ती कधी तिसऱ्या लेअरमध्ये, कधी चौथ्यात. आवाज नुसता लहान-मोठा होत नाही, रेकॉर्डिंगच बदलतं. मधेच वाद्य बदलल्यासारखं वाटतं, आणि आपण ते मिक्समध्ये ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारं साधन) लावून शोधत बसतो.

वाशी बीट

मी डान्सची गाणी करतो, माझ्या सगळ्या किक (बास ड्रमचे ठोके) १२७ वर असतात आणि त्या तशाच असायला हव्यात. १९८० च्या टीआर-८०८ ड्रम मशीनमध्ये प्रत्येक वाद्याच्या प्रत्येक ठोक्याला वेगळी ताकद देताच येत नव्हती. स्टेपवर अ‍ॅक्सेंट टाकला की त्या स्टेपवरची सगळी वाद्यं एकदम वर जायची. त्या सरळपणावर अख्ख्या संगीतप्रकाराचा पाया आहे. गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर ५८ आणि ६२ मधला फरक कोणाला कळणार? फोनच्या स्पीकरवर तर ४५ चा क ऐकूच येणार नाही.

नौपाडाकर

किक १२७ वर ठेवण्याला माझा विरोध नाही. ते तुम्ही ठरवून केलंय. ४५ चा क मात्र मुद्दाम जवळजवळ ऐकू येऊ नये असाच ठेवलाय. तो काढून बघा, पुढचा धि उगाच लवकर आल्यासारखा वाटतो.

कळव्याची ढोलकी

मी वादक आहे. ऑर्केस्ट्रात, लग्नात, लावणीच्या कार्यक्रमात वाजवतो. तुम्ही दोघंही वेलॉसिटीवर भांडताय, पण त्याच्या आधीची पायरी सोडताय.

थाप आणि चाट यांच्यात जोराचा फरक नसतो. हात वेगळ्या जागी पडतो, बोटं वेगळी पडतात. चाट हळू वाजवली तरी ती चाटच राहते. लायब्ररीत हे बोल कीबोर्डच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवलेले असतात, आणि माउसवाले बहुतेक जण एकच आवडलेला बोल घेऊन त्याची वेलॉसिटी वरखाली करतात. आधी पट्टी बदला, मग दांडी.

दुसरं म्हणजे घुमारा. डाव्या हाताने पुडी दाबत नेली की आवाज वर चढतो. ढोलकीचं बोलणं त्यात आहे आणि वेलॉसिटीच्या लेनमध्ये ते कुठेच नाही. ते पिच बेंडचं, म्हणजे स्वर वरखाली वाकवणाऱ्या कंट्रोलचं, काम. परवा एका मुलाने मला त्याचा ट्रॅक ऐकवला, घुमाऱ्याबरोबर उजवीकडची चाटही वाकत होती. कानाला इतकं विचित्र की मी हेडफोन काढले. पिच बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. डावी बाजू वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनलवर ठेवा. मिडीत (वाद्य आणि संगणकात नोट्स पाठवायच्या भाषेत) चॅनल १६ आहेत, कंजुषी कशाला?

आणि मनापासून सांगतो, पैसे नाहीत म्हणून आधीच ठरवू नका. विचारा तरी. एकांकिकेच्या मुलांसाठी दोन तास येऊन वाजवणारे आमच्यात बरेच आहेत. आम्हाला कोणी फोनच करत नाही.

ऐरोलीकर

ढोलकीदादा, चॅनलचं आजच करून बघतो. माझ्या एका गाण्यात तेच वाकणं आहे आणि मी तीन आठवडे प्लगइनला दोष देत होतो.

नौपाडाकर, आता मधला रस्ता सांगतो. एबलटन या संगीत सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या वादनाच्या ऑडिओ क्लिपमधून ग्रूव्ह काढता येतो. कोणता ठोका किती पुढेमागे आहे आणि किती जोरात आहे, हे त्यात उतरतं. मग तो ग्रूव्ह आपल्या मिडीवर टाकायचा. टायमिंग किती टक्के, वेलॉसिटी किती टक्के, हे वेगवेगळं ठरवता येतं. कोपरखैरण्यात एका बारशाला भजनी मंडळ बसलं होतं, त्यांना विचारून मी फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड केली. तो ठेका टायमिंग ७० आणि वेलॉसिटी ५० वर ठेवून माझ्या हाय-हॅटवर चढवला. वाजवणारा हात माणसाचा, मेहनत माउसची. यात काय चूक?

नौपाडाकर

यात काहीच चूक नाही, आणि हे रँडमही नाही. तुम्ही एका वादकाचा निर्णय उचललात. मी ज्याच्या विरोधात आहे ते वेगळंच.

कळव्याची ढोलकी

विचारून घेतलंत हे बरं केलंत. गाणं बाहेर आलं की त्या मंडळाला पाठवा. कोणी न विचारता आमचा हात उचलला की आत कुठेतरी लागतं.

नेरूळची पेटी

मी हार्मोनियम शिकवते आणि दोन वर्षांपासून डीएडब्ल्यू, म्हणजे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर, वापरते. वेलॉसिटी म्हणजे काय ते एकदा बघू. कीबोर्डच्या पट्टीखाली दोन संपर्क असतात, पहिला आणि दुसरा लागण्यात किती वेळ गेला ते मोजतात. म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली. १९८३ साली मिडी आलं ते सिंथेसायझर बनवणाऱ्यांच्या गरजेतून, आणि त्या कीबोर्डसाठी हे माप योग्यच होतं. ० ते १२७ हा पट्टाही तेव्हापासूनचा.

पेटीत मात्र पट्टी जोरात दाबून काही होत नाही. खटका ऐकू येतो, बस. आवाज भात्याचा. भाता जोरात आला की दाबलेले सगळे स्वर एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात, स्वर धरलेला असतानासुद्धा. माझ्याकडे विद्यार्थी जे ट्रॅक आणतात त्यात प्रत्येक स्वराला वेगळी वेलॉसिटी असते आणि पेटी पियानोसारखी टोचत राहते. वर ह्युमनाइझ केलेलं असतं, म्हणजे ती वेडीवाकडी टोचते.

पेटीच्या ट्रॅकवर वेलॉसिटी सगळी सपाट ठेवा, सरळ ८० वर. मग एक्स्प्रेशन, म्हणजे स्वर धरलेला असताना आवाज कमीजास्त करणारा कंट्रोलर ११, त्याची लेन उघडा आणि गाणारी जिथे श्वास घेते तिथे तो खाली आणा. माउसने काढण्यापेक्षा ट्रॅक ऐकत कीबोर्डवरचं मॉड्युलेशन व्हील ११ ला जोडून फिरवलं तर हात आपोआप गाण्याबरोबर जातो. ऐरोलीकर, यात ठकठक होत नाही, बाळ झोपलेलं राहील.

नौपाडाकर, "एकेक नोट हाताने बसवा" हा तुमचा नियम त्यामुळे सगळ्या वाद्यांना लागू पडत नाही. पेटीला एकही नोट बसवायची नसते.

नौपाडाकर

ताई, हे पटलं. मी ठेका डोक्यात ठेवून सरसकट बोललो. माझ्याच एकांकिकेच्या शेवटी पेटी आहे आणि त्यात मी प्रत्येक स्वराला दांड्या दिल्यात. आज काढतो.

वाशी बीट

मिडी २.० आलंय ना २०२० मध्ये? त्यात वेलॉसिटी १६ बिटची आहे, १२८ च्या जागी ६५,५३६ पायऱ्या. पिच बेंडही प्रत्येक नोटला स्वतंत्र देता येतो. पाच-दहा वर्षांत हा वादच उरणार नाही.

कळव्याची ढोलकी

पिच बेंडचं झालं तर आमचा घुमारा सुटेल, ते हवंय. पायऱ्या ६५,५३६ झाल्या तरी लायब्ररीत चारच थापा रेकॉर्ड केल्या असतील तर वाजणार चारच.

ऐरोलीकर

दोन दिवसांनी लिहितोय. ढोलकीची डावी बाजू वेगळ्या चॅनलवर नेली, वाकणं गेलं. पेटी ८० वर सपाट करून व्हील फिरवलं. पहिल्या तीन वेळा वाईट झालं, कारण मी ठोक्याबरोबर फिरवत होतो. मग गाणाऱ्या मुलीचा ट्रॅक सोलो करून फक्त तिचा श्वास ऐकत फिरवलं आणि चौथ्या वेळी जमलं.

आता मूळ वादावर. सम, खाली आणि तोड्याच्या आधीची नोट मी यापुढे हाताने बसवणार. मधल्या नोट्सना वेलॉसिटीचं अधिक-उणे ४ रँडम राहील, लेअरच्या सीमेपासून लांब ठेवून. तेवढं नसेल तर कॉपी केलेली आवर्तनं मला कॉपी केलेलीच ऐकू येतात. रँडमला अजिबात हात लावायचा नाही, हे मी मानत नाही.

नौपाडाकर

वेलॉसिटीचं ४ मला चालेल. वेळेचं रँडम?

ऐरोलीकर

ते काढलं. ग्रूव्हमधून जेवढं आलंय तेवढंच.

नौपाडाकर

मग ती फाइल पाठवा, समेची नोट मी ऐकून सांगतो. ढोलकीदादा, स्पर्धेची पुढची फेरी पंधरा दिवसांवर आहे, फडाचा तो प्रवेश अजूनही लायब्ररीवरच चाललाय. फोन केला तर याल का?

कळव्याची ढोलकी

रविवारी सकाळी मोकळा आहे. तालमीची जागा सांगा. तुमचा तो हाताने बसवलेला केरवाही वाजवून ठेवा, ऐकायचाय मला.