अनुभव धागा: खाली घरवाले, वर आपण (व्हिस बेट, क्रोएशिया)

दर्याफिरस्ती

जूनमध्ये आम्ही दोघं व्हिस बेटावर नऊ रात्री राहून आलो. डुब्रोव्हनिकचे फोटो आता सोसायटीच्या ग्रूपवरही येतात, पण व्हिसला कोण जातंय, अशा गुर्मीत होते. परवा एका मुंजीत तिथे जाऊन आलेले तीन जण भेटले! म्हणून हा धागा. अट एकच, हॉटेलचे अनुभव नकोत. खाली घरवाले आणि वर तुम्ही, अशा घरातलंच लिहा.

सुरुवात मी करते. किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराहून गाड्यांची मोठी बोट सव्वादोन-अडीच तासांत व्हिस गावात सोडते. तिथून बस डोंगर ओलांडून दहा किलोमीटरवर कोमिझाला उतरते. हे खरं मासेमारांचं गाव. पाठीशी ५८७ मीटरचा हूम डोंगर, तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्याकडल्यासारखाच समुद्रात बुडतो. बेट युगोस्लाव्ह सैन्याच्या ताब्यात होतं, परदेशी माणसाला १९८९पर्यंत मज्जाव. म्हणून मोठी हॉटेलं फारशी उगवलीच नाहीत. दारावर 'सोबे' (खोल्या) अशी पाटी दिसली की समजायचं.

आमची घरमालकीण सत्तरीची. पहिल्याच दिवशी म्हणाली, मला 'तेता' म्हणा. तेता म्हणजे मावशी, आत्या, जी हवी ती. पासपोर्ट मागितले, चष्मा लावून मोबाइलवर आमची नोंद केली (सरकारी नियम आहे, घाबरू नका) आणि पुढ्यात रोगाच ठेवली, काळ्या शेंगांची गोडसर दारू. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

चौथ्या दिवशी जिन्यावरून उतरते तर खालच्या अंगणात तेता टोपलीभर तारल्या घेऊन बसलेली. तिकडे त्यांना सरदेला म्हणतात. डोकं चिमटीत धरायचं, जरा पिळायचं, की डोक्याबरोबर आतडंही बाहेर. चाकू नाही की पाणी नाही. मग पत्र्याच्या डब्यात जाड्या मिठाचा थर, त्यावर तारल्या एकीचं डोकं दुसरीच्या शेपटीकडे अशा, पुन्हा मीठ. वर लाकडी झाकण आणि त्यावर समुद्रावरचा गुळगुळीत धोंडा. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना आजीचा जो चेहरा असायचा, अगदी तोच. मी हात लावायला गेले तर म्हणाली, अंगठ्या काढ आधी.

इसारवाला

आम्ही म्युनिकहून गाडीने गेलो. मुलं सात आणि चार वर्षांची. कोमिझाच्या जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन बॅगा, एक स्ट्रोलर, तांदूळ, डाळी आणि कुकर घेऊन ६१ पायऱ्या चढलो. मोजल्यात.

कुकरमुळे जे झालं ते सांगतो. दुपारी दोन ते पाच तिथे गाव झोपतं. झोपतं म्हणजे खरोखर, खिडक्यांची हिरवी दारं लावून. आम्ही समुद्रावरून तीनला आलो, पोरं भुकेली, बायकोने वरण-भात लावला. तिसऱ्या शिट्टीला खालून धावत पावलं आली. घरमालक, शेजारचे एक बार्बा (वयस्कर माणसाला तिथे असंच म्हणतात, आपलं काका) आणि बनियनवर एक अनोळखी गृहस्थ. गॅस गळतोय असं त्यांना वाटलं होतं. झाकण उघडून दाखवलं. बार्बांनी वास घेतला, चमचाभर वरण चाखलं, त्यात ऑलिव्ह तेल घाला असं सुचवलं आणि झोपायला गेले. सगळे जेवढ्या शांतपणे बोलले तेवढीच आम्हाला लाज वाटली.

तळाशीलकर

माझं स्वतःचं मालवणजवळ न्याहारी-निवास आहे, तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या नजरेने गेलोच नाही. आई बरोबर होती. अंगणात वाळत घातलेली जाळी बघून म्हणाली, "ह्या तर आपल्याचसारख्या आसा!"

आमचा घरमालक साठीपर्यंत सरदेलाच्या बोटीवर होता. त्यांचं पंचांग चंद्रावर चालतं. काळोख्या रात्री दिवे लावून तारली वर आणायची आणि खाली जाळ्याने घेरायची. पौर्णिमेच्या आसपास बोटी धक्क्याला. त्याला म्हटलं, आमच्याकडे एलईडी दिव्याचं नाव काढलं तरी बंदरावर भांडणं होतात, २०१७ला केंद्राने त्यावर बंदीच घातली. तो तासभर प्रश्न विचारत होता: दिवे किती ताकदीचे, पर्ससीनवाले (मोठ्या घेर-जाळ्यांच्या बोटींचे) कोण, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) म्हणजे काय. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद असते म्हटल्यावर विचार करून म्हणाला, मग तेव्हाच या इकडे.

जुन्या फाल्कुशा बोटीची गोष्टही त्याचीच. लांबी नऊ मीटर, माणसं पाच. कडेच्या फळ्या समुद्रात उंच लाटांसाठी लावायच्या, जाळी ओढताना काढायच्या. कोमिझाहून ४२ सागरी मैलांवरच्या पालाग्रुझा बेटावर पोचायची शर्यत लागायची, कारण तिथे जागा थोडी आणि पहिला येईल त्याला मोक्याची. वारा पडला की वल्ही.

आणखी एक. ऑगस्टमध्ये गाव एकदम भरतं, अमेरिकेतल्या सॅन पेद्रोहून लेकरं-नातवंडं येतात. गावचे कितीतरी मासेमार तिकडे गेले. त्यांतल्या मार्टिन बोगदानोविचने १९१७ला काढलेल्या कारखान्याचंच पुढे स्टारकिस्ट झालं, टूनाच्या डब्यांचं. आईने एका वाक्यात मिटवलं: चाकरमानी.

शेवग्याची शेंग

शाकाहारी असाल तर माझं वाचा. ब्लित्वा हा तुमचा आधार: चार्डची पालेभाजी आणि बटाटा, लसूण, तेल. रोज खाल्ली. तक्रार नाही.

फसले ती पोगाचावर. बेकरीत चौकोनी, फुगीर, कांदा-टोमॅटो भरलेली पाव-भाकरी. विचारलं, "मीट?" "नो, नो मीट." बाकावर बसून अर्धी खाल्ली, चव जरा खारट, मस्तच म्हटलं. मग आत एक तपकिरी रेघ दिसली. मांदेळीची चुलत बहीण. मासा त्यांच्या लेखी मीट नाहीच! संध्याकाळी घरमालकिणीला सांगितलं तर ती एवढी हसली की डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मासा न घालता वेगळी पोगाचा भाजली आणि वरून नवऱ्याला झापलं, की ही कोमिझाची, टोमॅटोची. व्हिस गावातले लोक टोमॅटोशिवाय करतात, त्यांची आणू नकोस. दहा किलोमीटरवरचं वैर.

येताना हिब आणा. सुक्या अंजिराचा गोळा, बडीशेपेसारखा वास. उपासाला चालतो का ते विचारू नका, मी खाल्ला.

ऑफस्टंप

छोटंसंच. आम्ही भारतातले म्हटल्यावर मालकाच्या भाच्याने थेट बॅट काढली. थट्टा नव्हे. १८११च्या आरमारी लढाईत फ्रेंचांना हरवणारा ब्रिटिश कप्तान विल्यम होस्ट इथे मुक्कामाला होता आणि त्याच्या लोकांनी बेटावर क्रिकेट खेळलं. आज त्याच्या नावाचा क्लब आहे. मैदान द्राक्षमळ्यांच्या मधे, चेंडू मळ्यात गेला की शोधायला सगळे. मी दुसऱ्या चेंडूवर त्रिफळाचीत. ह्याबद्दल अधिक विचारू नये.

मीठभाकर

सगळं गोड लिहिताय म्हणून माझं. मेच्या सुरुवातीला दोन रात्रींसाठी गेलो. कमी रात्रींचे म्हणून ३० टक्के जादा, हे पोचल्यावर कळलं. घर कुठलं ते सांगत नाही, बाई वाईट नव्हत्या. त्यात युगो सुटला. आग्नेयेकडून येणारा दमट वारा, आभाळ शेवाळी, डोकं जड. निळ्या गुहेच्या बोटी बंद. कॅटामरान (जलद प्रवासी बोट) रद्द. रोज विचारायचो, उद्या सुटेल का? मालक म्हणायचे, "पोमालो." हळूहळू. तिसऱ्या रात्रीचे पैसे मात्र घेतले नाहीत, आणि जेवायला खाली बोलावलं. टीव्हीवर हवामान चालू, कोणी बोलेना. माशाचं कालवण होतं, काटे भरपूर. परतीचं विमान बुडालं ते बुडालंच. बेटावरून निघायचा दिवस आणि विमानाचा दिवस एक ठेवू नका, एवढं तरी ऐका.

दर्याफिरस्ती

@मीठभाकर, निळी गुहा आम्हालाही दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. बीशेव्हो बेटावर आहे, उजेड अकरा-बाराच्या सुमारास खरा. होडीतून आत जायचं भोक १८८४ला सुरुंग लावून मोठं केलेलं आहे, तरी मान खाली घालावीच लागते. लाट असली की नाहीच.

डिसेंबरमध्ये कुणी गेलंय का? ६ तारखेला संत निकोलसच्या चर्चपुढे जुनी लाकडी बोट जाळतात. तेता म्हणाली, तेव्हा ये, पाहुणे नसतात, वरची खोली फुकट. खोलीत हीटर नाही हेही तिनेच सांगितलं.

शेवग्याची शेंग

@इसारवाला, कुकर कुठला नेला होतात? आमच्या खोलीत इंडक्शन होतं, हिंडालियमचा तापलाच नाही.

इसारवाला

स्टीलचा, तीन लिटरचा. आणि पाचनंतर लावा.